बुडालेला डबा आणि ध्रुवाजवळचा चिखल

१६ ऑक्टोबर १९६८. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यापासून दूर, अटलांटिक महासागरात ‘ॲल्विन’ नावाची छोटी पाणबुडी जहाजावरून पाण्यात सोडली जात होती. अचानक पोलादी दोर तुटला. वरचं झाकण उघडंच होतं, त्यामुळे पाणी भसाभस आत शिरलं. आतले तिघं जण कसेबसे बाहेर पडले. त्यांचा दुपारचा डबा मात्र आतच राहिला आणि पाणबुडीसोबत दीड किलोमीटरहून जास्त खोल, समुद्राच्या तळाशी जाऊन बसला.

सुमारे दहा महिन्यांनी ॲल्विनला वर काढण्यात आलं. डब्यात सँडविच होती, सफरचंदं होती, थर्मासमध्ये सूप होतं. सगळं भिजलेलं, पण जवळपास जसंच्या तसं. वुड्स होल इथल्या सागरविज्ञान संस्थेतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होल्गर यानाश यांनी हे अन्न तपासलं. १९७१ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी यावर शोधनिबंध लिहिला आणि बुडालेला डबा विज्ञानाच्या इतिहासात जाऊन बसला.

ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते आणि तिचं तात्पर्यही ठरलेलं असतं: खोल समुद्र म्हणजे निसर्गाचा फ्रीज, तिथले जिवाणू थंडीनं गारठून झोपलेले असतात. पण गोष्टीचा शेवट बऱ्याचदा गाळला जातो. तेच सँडविच प्रयोगशाळेतल्या खऱ्याखुऱ्या फ्रीजमध्ये, तळाशी होतं तेवढ्याच म्हणजे साधारण ३ अंश तापमानात ठेवलं, तेव्हा ते काही आठवड्यांत खराब झालं. थंडी तेवढीच, पण निकाल वेगळा. म्हणजे डबा टिकला तो एकट्या थंडीमुळे नव्हे. खोल पाण्याचा प्रचंड दाब आणि तळाच्या जिवाणूंपासून पाणबुडीत मिळालेला आडोसा, यांचाही त्यात हात होता.

‘थंड म्हणजे झोपलेलं’ हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की ध्रुवीय समुद्र तापतोय म्हटल्यावर आपण लगेच पुढचं वाक्य जोडतो: म्हणजे आता तळाचे जिवाणू जागे होणार. मोबाइलवर ‘आर्क्टिकचा मिथेन बॉम्ब’ वगैरे मथळे आपण वाचतो, ते याच समीकरणावर उभे असतात. पण या चिखलाचा दोनशे वर्षांचा इतिहास वाचला, तर दिसतं की तिथं झोपलेलं कुणी नव्हतंच. आणि म्हणूनच धोका आहे तो वेगळ्या जागी.

तळाशी काही नसतंच

१८१८ साली जॉन रॉस हा ब्रिटिश नौदल अधिकारी ग्रीनलंड आणि कॅनडा यांच्या मधल्या बॅफिन उपसागरात, उत्तर अमेरिकेला वळसा घालून जाणारा जलमार्ग शोधत होता. मार्ग काही सापडला नाही. पण त्यानं तळाचा चिखल वर आणण्यासाठी एक लोखंडी चिमटा बनवून घेतला होता. तो दोराला बांधून सुमारे १,००० फॅदम, म्हणजे १,८०० मीटर खोल सोडला. चिखल वर आला तेव्हा त्यात जिवंत किडे होते.

खोल समुद्राच्या तळाशी जीवन आहे याचा हा फार जुना पुरावा, आणि तो आला ध्रुवीय पाण्यातून. पण त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. पुढं १८४०च्या दशकात एडवर्ड फोर्ब्स या निसर्गशास्त्रज्ञानं एजियन समुद्रात जाळी ओढून पाहिली. जितकं खोल जावं तितके प्राणी कमी सापडत होते. तीच रेष पुढं ओढून त्यानं अंदाज बांधला की ३०० फॅदमच्या, म्हणजे साधारण ५५० मीटरच्या खाली जीवन नसावं. काळोख, थंडी आणि दाब असताना तिथं जगेल कोण? हा अंदाज लोकांना इतका पटला, की रॉसचे किडे बाजूलाच राहिले.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १८५७ साली अटलांटिकच्या तळाशी टेलिग्राफची केबल टाकण्याच्या तयारीसाठी ‘सायक्लॉप्स’ या जहाजानं तळाचा गाळ गोळा केला होता. तो अल्कोहोलमध्ये बुडवून बाटल्यांत ठेवलेला होता. १८६८ साली डार्विनचे खंदे समर्थक थॉमस हक्सली यांनी त्या बाटल्या पुन्हा तपासल्या. गाळावर त्यांना एक चिकट, जेलीसारखा थर दिसला. हा आदिम सजीव पदार्थ असावा असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याला नाव दिलं ‘बॅथिबियस हेकेली’. समुद्राचा अख्खा तळ या जिवंत चिकट गालिच्यानं झाकलेला आहे, अशी कल्पना रंगली.

१८७२ साली निघालेल्या ‘चॅलेंजर’ जहाजानं जगभरचे समुद्र पालथे घातले. अंटार्क्टिक वृत्त ओलांडून बर्फाळ पाण्यातही ते गेलं. ताज्या गाळात मात्र बॅथिबियस कुठेच सापडेना. जहाजावरचे रसायनतज्ज्ञ जॉन यंग ब्युकॅनन यांनी कोडं सोडवलं. समुद्राच्या पाण्यात भरपूर अल्कोहोल ओतलं, की कॅल्शियम सल्फेटचा साका बसतो. तो जेलीसारखाच दिसतो. बॅथिबियस समुद्रात नव्हता, तो बाटलीत तयार झाला होता. १८७५ साली हक्सलींनी चूक उघडपणे मान्य केली.

या चुकीत एक गंमत दडलेली आहे. ज्या सल्फेटनं हक्सलींना फसवलं, तेच सल्फेट समुद्रतळाच्या खऱ्या सूक्ष्मजीवांचा श्वास आहे. पण ते कळायला अजून वेळ होता. १८८२-८३ मधल्या फ्रेंच मोहिमांत गोळा केलेल्या गाळातून आद्रियाँ सेर्त यांनी जिवाणू वाढवून दाखवले. काही नमुने ५,००० मीटर खोलीवरचे होते. तळाशी जिवंत गालिचा नव्हता, पण तळ निर्जीवही नव्हता.

चिखल श्वास कसा घेतो

ठाण्याच्या किंवा माहीमच्या खाडीजवळून ओहोटीच्या वेळी गेलेल्या कुणालाही कुजक्या अंड्यांचा तो वास ठाऊक असतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास. चिखलात वरच्या पातळ थराखाली ऑक्सिजन संपतो. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि सल्फाइड सोडतात. आपण उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो, तसाच हा त्यांचा उच्छ्वास.

हे काम किती मोठं आहे, ते १९७०च्या दशकात डेन्मार्कचे बो बार्कर योर्गेनसेन यांनी मोजलं. गाळाच्या नळकांड्यात किरणोत्सारी गंधक असलेलं थोडंसं सल्फेट सोडायचं, काही तास थांबायचं आणि त्यातलं किती सल्फाइड झालं ते पाहायचं. किनाऱ्याजवळच्या समुद्रतळात जेवढा सेंद्रिय कचरा कुजतो, त्यातला जवळपास निम्मा हे सल्फेटवाले जिवाणू कुजवतात, असं त्यातून दिसलं. वर मेलेलं प्लवंग, माशांची विष्ठा, नद्यांनी आणलेला पाचोळा या सगळ्यांची विल्हेवाट शेवटी या काळ्या चिखलात लागते.

हे झालं समशीतोष्ण डेन्मार्कचं. पण समुद्रतळाचा बहुतांश भाग कायम ४ अंशांहून थंड असतो आणि ध्रुवांजवळ तर शून्याच्याही खाली. मीठ असल्यामुळे समुद्राचं पाणी उणे १.८ अंशांपर्यंत गोठत नाही. अशा पाण्याखालचा चिखल काय करत असेल?

थंडीत वाढणारे जिवाणू असतात हे तसं जुनंच ज्ञान होतं. १८८७ मध्येच शून्य अंशाला वाढणारे जिवाणू नोंदवले गेले होते आणि १९०२ मध्ये त्यांना ‘सायक्रोफाइल’, म्हणजे थंडीप्रेमी, हे नाव मिळालं. पण खरे थंडीप्रेमी कोण आणि थंडी नुसती सोसणारे कोण, यात बराच गोंधळ होता. १९७५ साली अमेरिकेचे रिचर्ड मोरिता यांनी व्याख्या बांधून दिली. खरा थंडीप्रेमी तो, जो शून्यालाही वाढतो, १५ अंश किंवा त्याहून कमी तापमानात सर्वात जोमानं वाढतो आणि २० अंशांच्या वर वाढूच शकत नाही. म्हणजे आपल्या महाबळेश्वरची थंड रात्र हा त्याचा कडक उन्हाळा.

असे जिवाणू थंडीत चालतात कसे? स्वयंपाकघरात याचं उत्तर आहे. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं, करडईचं तेल पातळच राहतं. फरक असतो त्यांतल्या स्निग्धाम्लांचा. थंडीप्रेमी जिवाणूंच्या पेशीचं आवरण करडईच्या तेलासारख्या स्निग्धाम्लांनी बनलेलं असतं, म्हणून ते गारठ्यात कडक होत नाही. त्यांची विकरंही जास्त लवचीक, सैलसर घडणीची असतात. त्यामुळे ती थंडीत काम करतात, पण थोडी उष्णता वाढली की त्यांची घडी विस्कटते. थंडीसाठी केलेली ही तयारी म्हणजे एक सौदा आहे. उन्हाळ्याची सोय देऊन हिवाळ्याची सोय घेतलेली.

चरबीच्या गावाजवळ

नॉर्वेच्या उत्तरेला, साधारण ७४ ते ८१ अक्षांशांच्या दरम्यान स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. सतराव्या शतकात डच लोक तिथं व्हेल मारायला येत. एका टोकाला त्यांनी चरबी वितळवण्याचा तळ उभारला. त्याचं नाव स्मिअरेनबर्ग, म्हणजे अक्षरशः चरबीचं गाव. व्हेल संपत आले, गाव ओस पडलं. जवळच्या खाडीला, तिथल्या भाषेत फ्योर्डला, ते नाव चिकटून राहिलं.

१९९०च्या दशकात या फ्योर्डांमध्ये वेगळ्या शिकारीसाठी लोक येऊ लागले. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात १९९२ साली मॅक्स प्लांक सागरी सूक्ष्मजीवशास्त्र संस्था सुरू झाली. योर्गेनसेन तिथं संचालक होते. त्यांचे गट स्वालबार्डच्या तळाचा चिखल नळकांड्यांत भरून वर काढू लागले आणि डेन्मार्कमध्ये जे मोजलं होतं तेच इथं मोजू लागले.

निकाल अनपेक्षित होता. शून्याच्या आसपासच्या या चिखलात सल्फेट वापरण्याचा वेग समशीतोष्ण प्रदेशातल्या, कितीतरी उबदार चिखलाच्या तोडीचा निघाला. चिखल झोपलेला नव्हता. तो पूर्ण पाळी भरत होता. १९९९ साली याच चिखलातून थंडीप्रेमी जिवाणूंच्या नव्या जाती वेगळ्या करण्यात आल्या. त्यांतली ‘डेसल्फोटॅलिया सायक्रोफिला’ शून्याखालीही वाढते आणि तिला सगळ्यात मानवतं ते १० अंशांच्या आसपासचं तापमान. २००४ साली तिचा पूर्ण जीनोम वाचला गेला.

आता प्रश्न उलटा झाला. हे लोक थंडीतच पूर्ण वेगानं काम करत असतील, तर पाणी तापल्यावर काय होईल? इंजिन जास्त जोरात पळेल की इंजिनच बदलेल?

हे पाहण्यासाठी आल्बेर्तो रोबादोर, योर्गेनसेन आणि सहकाऱ्यांनी स्वालबार्डचा चिखल आणि समशीतोष्ण उत्तर समुद्राचा चिखल वेगवेगळ्या तापमानांना तब्बल दोन वर्षं ठेवून दिला. २००९ मध्ये निकाल आले. उत्तर समुद्राचा चिखल ऋतूंची चढउतार पाहिलेला होता; त्यातली वस्ती फारशी हलली नाही. आर्क्टिकचा चिखल मात्र २० अंशांना ठेवल्यावर बदलला. थंडीप्रेमी मागे पडले, मध्यम तापमानाचे जिवाणू पुढे आले. फ्योर्डच्या तळाशी काही २० अंश होणार नाहीत, हे खरं. प्रयोग मुद्दाम टोकाला नेलेला होता. पण बदलाची दिशा त्यानं दाखवली. तापमान वाढलं की तीच माणसं दुप्पट काम करतात असं नाही, कधीकधी सगळी पाळीच बदलते.

मग प्रश्न येतो, हे नवे कामगार आले कुठून? त्याच वर्षी केसी ह्यूबर्ट आणि सहकाऱ्यांनी याहून विचित्र गोष्ट दाखवली. त्यांनी आर्क्टिकचा चिखल ८० अंशांपर्यंत तापवला. त्यात नेहमीचे जिवाणू मरून गेले. मग तोच चिखल ५० अंशांना ठेवला, तेव्हा त्यात दुसरेच जिवाणू वाढू लागले. शून्य अंशाच्या तळात ५० अंशांचे रहिवासी! ते तिथं बीजाणूंच्या, म्हणजे कडक कवचातल्या निद्रिस्त पेशींच्या रूपात पडून होते. पृथ्वीच्या कवचातल्या कुठल्यातरी गरम जागेतून प्रवाहांबरोबर येऊन पडलेले. दर वर्षी दर चौरस मीटरवर असे १० कोटींहून जास्त बीजाणू येऊन पडतात, असा त्यांचा अंदाज होता.

म्हणजे झोपलेले जिवाणू तिथं आहेत. पण ते तिथले मूळ रहिवासी नाहीत आणि समुद्र एक-दोन अंशांनी तापला म्हणून ते उठणारही नाहीत. यातून एक धडा मिळाला, जो डीएनए वाचण्याच्या या युगात फार उपयोगाचा आहे. वस्तीच्या यादीत नाव असणं आणि कामावर हजर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

वर येणारे बुडबुडे

आता मिथेनकडे येऊ, कारण खरी भीती त्याची आहे. समुद्रतळाच्या खोल थरांत, जिथं सल्फेटही संपतं, तिथं वेगळे सूक्ष्मजीव मिथेन बनवतात. थंडी आणि दाब पुरेसे असले की हा वायू पाण्याबरोबर बर्फासारखा गोठून बसतो. त्याला मिथेन हायड्रेट म्हणतात. पाणी तापलं, की हे हायड्रेट वितळून वायू मोकळा होणार. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो.

२००८ साली ‘जेम्स क्लार्क रॉस’ या ब्रिटिश संशोधन जहाजानं स्वालबार्डच्या पश्चिमेला ध्वनिलहरींनी समुद्र तपासला. जहाजाचं नाव ज्याच्यावरून ठेवलं, तो जॉन रॉसचा पुतण्या. १८१८च्या मोहिमेत काकाबरोबर तोही होता. जहाजाच्या पडद्यावर तळातून उठणाऱ्या बुडबुड्यांच्या २५० हून जास्त धारा दिसल्या. तिथला समुद्रप्रवाह आधीच्या तीस वर्षांत सुमारे १ अंशानं तापला होता. २००९ साली ग्रॅहम वेस्टब्रूक आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की हायड्रेट वितळू लागल्याची ही खूण असू शकते. बातमी जगभर गेली.

पुढं काय झालं, ते मथळ्यांत कमी आलं. २०१४ साली क्रिश्चियन बेर्न्ट यांच्या गटानं तिथल्या बुडबुड्यांभोवती साचलेले चुनखडीचे थर तपासले. मिथेन खाणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळेच हे थर तयार होतात. ते किमान ३,००० वर्षं जुने निघाले. २०१८ साली क्लाउस वालमान यांच्या गटानं तळात छिद्रं पाडून पाहिलं. हिमयुगाचं ओझं उतरल्यावर जमीन हळूहळू वर उचलली गेली, तळावरचा दाब कमी झाला आणि हायड्रेट सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच वितळू लागले, असं त्यांना दिसलं. म्हणजे ते बुडबुडे आपल्या कारखान्यांच्या धुराआधीचे होते.

याचा अर्थ तापमानवाढ खोटी असा नव्हे. १९७९ नंतर आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापलं आहे. याचा अर्थ एवढाच, की बॅथिबियसच्या वेळी ब्युकॅननने जे केलं तेच इथंही झालं. दिसलेल्या गोष्टीवर पहिलं स्पष्टीकरण चिकटवलं गेलं, दुसऱ्या कुणीतरी जाऊन तपासलं आणि ते दुरुस्त झालं.

पण या दुरुस्तीनं एक मोठा प्रश्न समोर आणला. हजारो वर्षं मिथेन वर येतोय, तर तो सगळा हवेत का नाही गेला?

चिखलातली गाळणी

विल्यम रीबर्ग या अमेरिकी रसायनतज्ज्ञानं १९७०च्या दशकातच पाहिलं होतं, की खालून येणारा मिथेन गाळात एका ठरावीक खोलीवर नाहीसा होतो. नेमका तिथेच, जिथं वरून येणारं सल्फेटही संपतं. कुणीतरी दोन्ही मिळून खात होतं. पण ऑक्सिजनशिवाय मिथेन खाणारा जीव कुणाला सापडेना. २००० साली आन्त्ये बोएटियस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्याजवळच्या गाळात तो सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. एक जीव नव्हे, जोडी. मध्ये आर्किया गटातल्या सुमारे शंभर पेशींचा गोळा, बाहेरून सल्फेटवाल्या जिवाणूंचं वेष्टण. एक मिथेन फोडतो, दुसरा त्यातून आलेल्या ऊर्जेवर सल्फेटचा श्वास घेतो. एकट्यानं दोघांनाही ते परवडत नाही. समुद्राच्या गाळात तयार होणाऱ्या मिथेनपैकी सुमारे ९० टक्के या गाळणीत अडतो, असा अंदाज आहे.

ही गाळणी ध्रुवीय थंडीतही चालते. नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्या मध्ये, बॅरेंट्स समुद्राच्या कडेला १,२५० मीटर खोलीवर ‘हॉकोन मोस्बी’ नावाचा चिखलाचा ज्वालामुखी आहे. पाणी उणे १ अंशाच्या आसपास. २००६ साली तिथं मिथेन खाणाऱ्यांची वेगळीच जात भरभरून सापडली. पण त्याच संशोधनानं गाळणीची मर्यादाही दाखवली. खालून द्रव इतक्या जोरानं वर येत होता, की सल्फेट आणि ऑक्सिजन खाली झिरपूच शकत नव्हते. परिणामी ४० टक्क्यांहूनही कमी मिथेन अडत होता. बाकीचा निसटत होता.

गाळणी तुटते ती थंडीमुळे नव्हे. प्रवाह अचानक वाढला तर ती अपुरी पडते. आणि तिला मोठं व्हायला फार वेळ लागतो. आपल्या आतड्यातला ई. कोलाय जिवाणू भरपूर खाणं मिळालं तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. मिथेन खाणाऱ्या या जोड्यांना दुप्पट व्हायला कित्येक महिने लागतात.

किती उशीर होऊ शकतो, हे अंटार्क्टिकानं दाखवलं. मॅकमर्डो खाडीत, जिथं १९६०च्या दशकापासून पाणबुडे बर्फाखाली उतरून अभ्यास करत आले, तिथं २०११ साली अवघ्या १० मीटर खोलीवर सुमारे ७० मीटर लांबीचा पांढरा जिवाणूंचा पट्टा दिसला. खालून मिथेन झिरपू लागला होता. हे तापमानवाढीमुळे झालं, असं संशोधकांनी म्हटलेलं नाही. पण नव्या गळतीवर गाळणी कशी तयार होते ते पहिल्या दिवसांपासून पाहायची ही दुर्मीळ संधी होती. अँड्र्यू थर्बर आणि सहकाऱ्यांचा निबंध २०२० साली आला. पाच वर्षं उलटल्यावरही तिथली मिथेन खाणारी वस्ती अपुरीच होती आणि मिथेन निसटतच होता. जी जात तिथं आधी यावी असं अपेक्षित होतं, ती आलीच नव्हती.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. तापमानाचा नव्हे, वेळेचा. पाच वर्षांतही गाळणी बसत नसेल, तर पुढं तापमानामुळे नव्या गळत्या उघडल्या, तर प्रश्न ‘जिवाणू जागे होतील का’ हा नसेल. ‘ते वेळेवर पोचतील का’ हा असेल.

गोव्याहून एकोणऐंशी अंश उत्तर

तापमानवाढ चिखलापर्यंत पोचते ती फक्त अंशांच्या रूपात नाही. स्वालबार्डच्या पश्चिमेच्या कोंग्सफ्योर्डमध्ये २००६च्या हिवाळ्यापासून अटलांटिकचं उबदार पाणी जास्त आत शिरू लागलं आणि हिवाळ्यातला बर्फ घटला. बर्फ नसेल तर वर प्लवंग कधी आणि किती फुलतं ते बदलतं, म्हणजे तळाशी पडणारं अन्न बदलतं. हिमनद्या मागे सरकतात, तेव्हा त्यांनी आणलेली लोहयुक्त बारीक माती तळाला कमी मिळते. जिथं लोहावर श्वास घेणारे जिवाणू होते, तिथं सल्फेटवाल्यांचं राज्य वाढतं. चिखलाच्या दृष्टीनं अन्न आणि माती यांतला बदल एखाद्या अंशाहून मोठा ठरू शकतो.

याच कोंग्सफ्योर्डच्या काठी ७९ अक्षांशावर न्यू-ऑलेसुन हे गाव आहे. पूर्वी ते कोळशाच्या खाणीचं गाव होतं. १९६२ साली खाणीत स्फोट होऊन २१ माणसं गेली आणि खाण बंद झाली. कोळसा काढणाऱ्या गावात आज कोळशाच्या धुराचा परिणाम मोजतात. तिथं २००८ साली भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र सुरू झालं. त्याचं कामकाज पाहते ती ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आपल्या वास्कोत आहे, मुरगाव बंदराजवळ. १९८१ साली सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम निघाली, तीही गोव्याहूनच. २०१४ मध्ये कोंग्सफ्योर्डमध्ये सुमारे १९० मीटर खोलीच्या पाण्यात ‘इंडआर्क’ ही उपकरणांची साखळी नांगरून ठेवली गेली. ती वर्षभर, काळोख्या हिवाळ्यातही, पाण्याचं तापमान आणि क्षारता नोंदवते. गोव्यातल्या संशोधकांनी त्या फ्योर्डच्या जिवाणूंवरही काम केलं आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एक चूक पुन्हा पुन्हा होते. सिस्टिम कोसळली की मग लोक मोजमाप बसवतात. ग्राफ दिसू लागतात, पण ‘नेहमीचं’ काय होतं हे सांगणारा आदला ग्राफ नसतो. मग दिसणारी प्रत्येक चढण बिघाडासारखी वाटते, किंवा खरा बिघाड नेहमीचा वाटतो. स्वालबार्डच्या बुडबुड्यांचं हेच झालं होतं. पहिली मोजणीच इतकी उशिरा झाली, की हजारो वर्षांचं जुनं दुखणं नवं वाटलं. मॅकमर्डोत उलट झालं. पाणबुडे तिथं पन्नास वर्षं उतरत होते, म्हणूनच पट्टा नवा आहे हे ओळखता आलं. फरक हुशारीचा नव्हता. आधी कुणीतरी पाहून ठेवलं होतं, एवढाच होता.

म्हणून हिवाळ्यातही चालणारं, कंटाळवाणं, दरवर्षी तेच तेच मोजणारं उपकरण मला मोठी गोष्ट वाटते. त्यातून मथळा निघत नाही. पण उद्या चिखलातली पाळी बदलली, तर बदलली असं म्हणायला आजची हजेरी लागेल.

रॉसच्या चिमट्यात किडे आले, तेव्हा नोंद झाली पण कुणी मानली नाही. हक्सलींनी मानलं, पण जे नव्हतं ते. यानाश यांनी डबा पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून पाहिला आणि सोपं उत्तर अपुरं आहे हे दाखवलं. ध्रुवाजवळचा चिखल दोनशे वर्षं आपलं काम करत राहिलाय. तो आपल्यासाठी किती मिथेन अडवतो, हे आपल्याला कळून पंचवीस वर्षंच झाली आहेत. आणि ज्या थंडीवर त्याची घडी बसलेली आहे, ती थंडी आपण त्याच्याकडून काढून घेतोय.